पायाखालचं वाद्य

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



(टेबलावर आवाज)

हा आवाज तुम्हाला कशाचा वाटला? येताना मी पिशवीतून एक बूट घेऊन आले आहे आणि तो हातात धरून समोरच्या टेबलावर वाजवते आहे. इथल्या मंडळींनी टेबलावर आधी एक फळी ठेवायला लावली, ते योग्यच केलं. काळा, नाडीचा बूट आहे, दिसायला शाळेच्या गणवेशातल्यासारखा. उलटा केला की फरक कळतो. चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक अशा ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या स्क्रूनं बसवलेल्या आहेत. या पट्टीला म्हणायचं टॅप, आणि असे बूट घालून जो नाच करतात तो टॅप डान्स. चवड्याची पट्टी अशी वाजते – (आवाज) – आणि टाचेची अशी – (आवाज). दुसरीचा आवाज जरा खर्जातला आहे, तुमच्या लक्षात आलं असेल. दोन पायांच्या मिळून चार पट्ट्या झाल्या. म्हणजे चार तोंडांचं वाद्यच की हे, फक्त ते पायाखाली असतं.

हे वाद्य मी छप्पन्नाव्या वर्षी हातात, म्हणजे पायात घेतलं. कुणी थोर नर्तकी बोलते आहे असं समजून रेडिओजवळ बसला असाल तर आधीच सांगते, मी आजही नवशिक्यांच्या रांगेत आहे. पण नवशिक्यानं बोलण्याचा एक फायदा असतो. ज्याला एखादी गोष्ट येते, त्याला ती येत नव्हती तेव्हा नेमकं काय अडत होतं, हे बहुधा आठवत नाही. मला ते अजून रोज अडतं आहे.

२०१८ साली लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी न्यू जर्सीतल्या एडिसन गावी गेले. सहा महिन्यांचा मुक्काम, बाहेर थंडी, घरात तान्हं बाळ आणि त्याची चार वर्षांची ताई. अशा घरातून आजीनं आठवड्यातून एकदा तरी बाहेर पडावं, नाहीतर आजी आणि लेक दोघींचंही डोकं फिरेल, असं जावईबापूंचं मत पडलं. जवळच्या सभागृहात प्रौढांसाठी संध्याकाळचे वर्ग चालत. फळ्यावर तीन कागद लावले होते. जलरंग, खुर्चीत बसून करायची योगासनं आणि नवशिक्यांसाठी टॅप. चित्रकलेत मला शाळेपासून गती नाही. पुण्याहून अमेरिकेत जाऊन योगासनं शिकणं काही बरं दिसेना. राहिलं टॅप.

पण खरं कारण एवढंच नव्हतं. वयाच्या आठव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत मी पुण्यात कथक शिकले. आजीला ते मुळीच पसंत नव्हतं. घरंदाज मुलीनं पायात घुंगरू बांधायचे म्हणजे काय, असं ती आल्यागेल्याला विचारायची. वडील मात्र पाठीशी होते. मग १९७९ साली माझं बारावीचं वर्ष आलं आणि वडीलच म्हणाले, परीक्षा होईपर्यंत बंद ठेव, मग कर पुन्हा सुरू. परीक्षा झाली, कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्न झालं. दरवेळी मी मनाशी म्हणत होते, एवढं आटोपू दे. मध्ये कधीतरी माहेरचं घर बदललं तेव्हा आईनं माळ्यावरची घुंगरांची पिशवी वाड्यातल्या एका मुलीला देऊन टाकली. मला विचारलंही नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे, असं तिला वाटलं नसावं. माझाच आवाज तेव्हा फुटला नाही.

तर हा नऊ वर्षांच्या तत्काराचा माज पोटात ठेवून मी त्या वर्गात गेले. मनात म्हटलं, पायानं ताल वाजवायचाय ना, मग हा तर आपल्याच अंगणातला खेळ.

वर्गात आम्ही नऊजण होतो. एक निवृत्त परिचारिका, एक बँकेतला तरुण, दोघी बहिणी, असे सगळे. शिक्षक सत्तरीला टेकलेले, उंच, सडपातळ, कृष्णवर्णीय गृहस्थ. तिथल्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना नावानं हाक मारत. मला ते जमेना. मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणू लागले आणि आजही तसंच म्हणते. मास्तरांनी आयुष्यभर बस चालवली होती. लहानपणी ते हार्लेममध्ये जुन्याजाणत्या नर्तकांकडून शिकले, पण वयात आले तोवर टॅपचे दिवस सरले होते. पन्नाशीच्या दशकात नाइट क्लब बंद पडत गेले, रॉक अँड रोल आलं, आणि टॅप करून पोट भरेल अशी सोय उरली नाही.

पहिला धडा होता उभं राहण्याचा. गुडघे किंचित वाकवायचे, भार चवड्यांवर घ्यायचा, टाचा जमिनीपासून केसभर सुटलेल्या ठेवायच्या. इथेच माझं पहिलं अडलं. कथकात आपण सरळ उभे राहतो आणि अख्खा तळवा जमिनीवर देतो. तळवा जितका भरीव पडेल तितका बोल स्वच्छ. टॅपमध्ये असा तळवा आपटला की पट्टीचा आवाज मरतो आणि नुसतं धप्प होतं. मास्तर माझ्या पायांकडे पाहत राहिले. म्हणाले, तू याआधी काहीतरी शिकली आहेस. मी खुलले. ते म्हणाले, तेच आता तुला नडणार आहे.

दुसरा धडा शफल. ऐकायला अगदी साधा. एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाचा चवडा पुढे झुलवताना जमिनीला चाटून न्यायचा, तसाच मागे आणताना पुन्हा चाटून आणायचा. पुढे एक आवाज, मागे एक आवाज. टक-टक. एवढंच. हे एवढंच मला तीन आठवडे आलं नाही. माझा पाय मांडीपासून हलत होता, घोटा आवळलेला होता आणि पट्टी जमिनीवर खरवडत होती. मास्तर सांगत, घोटा सोड, तो तुझा नाहीच असं समज. घोटा माझाच होता आणि छप्पन्न वर्षं सांभाळलेला होता. सोडू म्हणता सुटेना. मग एका संध्याकाळी बसची वाट पाहताना मला आपला पावसाळा आठवला. चपलेच्या टोकाला चिखल लागला की आपण पाय जरा उचलून तो कसा झटकतो? तेव्हा मांडीचा काही संबंध नसतो. गुडघ्याखालचा पाय लोंबता राहतो आणि चप्पल आपोआप हलते. थांब्यावर मी तो न लागलेला चिखल झटकत उभी राहिले. पुढच्या मंगळवारी पहिला धड शफल वाजला. परिचारिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

शफलनंतर फ्लॅप. चवडा चाटून पुढे न्यायचा आणि त्याच चवड्यावर भार टाकायचा. आवाज दोन, पण इतके लागोपाठ की ऐकणाऱ्याला शब्दच ऐकू यावा, फ-लॅप. माझा 'फ' नेहमी गिळला जायचा. आणि हे लपवता येत नाही, हीच तर टॅपमधली खरी गोम आहे. इतर नाचांत हात थोडा खाली राहिला, मान वळायची राहिली, तर मागच्या रांगेतल्या माणसाचं निभावून जातं. टॅपमध्ये चूक ऐकू येते. नऊ माणसांच्या अठरा बुटांमधून माझा गिळलेला 'फ' मास्तरांना पाठमोरं उभं राहूनही कळत असे.

एका जागी मात्र कथक कामाला आलं. क्रॅम्प रोल नावाचा एक तुकडा आहे. उजवा चवडा, डावा चवडा, उजवी टाच, डावी टाच, असे चार आवाज एकसारखे आणि सलग काढायचे. सगळे आकडे मोजत धडपडत होते. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, अरे, हे तर 'तिरकिट'! ति-र-कि-ट. तोंडानं हळू म्हणत पाय टाकले आणि चौघेही भाऊ रांगेत पडले. मास्तरांनी संगीत थांबवलं. तू काय पुटपुटलीस, ते मोठ्यानं म्हण. मी म्हटलं. मग त्यांनी आणखी म्हणायला सांगितलं. तिथे त्या सभागृहात, चाळीस वर्षांनी, मी हातानं ताल धरून तीनतालातला तत्कार पढले. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. आवाज कापरा होता. मास्तर मध्येच हसायला लागले, कारण तेही नेमकं हेच करत. पाय दाखवण्याआधी ते तुकडा तोंडानं गाऊन दाखवत, दु-बा-दी-दॅप असं काहीतरी. पायात काय आहे ते आधी तोंडात आलं पाहिजे, ही गोष्ट दोन्हीकडच्या गुरूंना आपापली सापडलेली आहे.

त्या दिवशी मास्तरांनी मला पंडित चित्रेश दास यांचं नाव सांगितलं. मला ते ठाऊक नव्हते, याची जरा लाज वाटली. कोलकात्यात जन्मलेले हे कथक गुरू १९७० साली अमेरिकेत गेले आणि पुढे कॅलिफोर्नियात स्थिरावले. २००४ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या एका नृत्य महोत्सवात त्यांची गाठ जेसन सॅम्युएल्स स्मिथ या तरुण टॅप नर्तकाशी पडली. दोघांच्या वयात पस्तीसहून अधिक वर्षांचं अंतर. एकाच्या पायात घुंगरू, दुसऱ्याच्या पायात पत्रे. त्या दोघांनी मिळून 'इंडिया जॅझ सूट्स' नावाचा कार्यक्रम उभा केला, अमेरिकेत आणि भारतातही त्याचे प्रयोग केले. पंडितजी २०१५ साली गेले, पण दोघांवरचा 'उपज' नावाचा माहितीपट आहे. तो मी लेकीच्या घरी बाळाला मांडीवर घेऊन पाहिला. मिळाला तर तुम्हीही जरूर पाहा. सवाल-जवाब चालू असताना एकाचे अनवाणी पाय आणि दुसऱ्याचे बूट यांतला फरक हळूहळू ऐकू येईनासा होतो.

तिरकिट जमलं म्हणून मी पुन्हा हवेत गेले असेन, तर लगेच खालीही आले. जॅझची चाल आपल्या सरळ लयीसारखी समसमान नसते. एका मात्रेचे दोन भाग केले तर पहिला लांब, दुसरा आखूड. चालताना कुणी किंचित लंगडत असावा, पण तेही ऐटीत, अशी काहीशी ती लय. माझे पाय मात्र प्रत्येक मात्रेचे फुटपट्टीनं मोजून तुकडे करत होते. मास्तर म्हणत, शिवणयंत्र बंद कर. त्यात आणखी एक घोळ. 'टाइम स्टेप' नावाची त्यांची पायाभूत चाल एकावर सुरू होतच नाही. ती आधीच्या आठव्या मात्रेवर सुरू होते. सगळेजण सातनंतर पाय टाकत आणि मी समेची वाट पाहत उभी. नंतर माझं मीच समजावलं की, बाई, तबल्याच्या साथीनं गाणारा मुखडा समेच्या आधीच उचलतो ना? तसंच हे. समजलं, पण पायांपर्यंत पोचायला आणखी दोन मंगळवार गेले.

आता जरा वेगळ्या गोष्टीकडे वळते. मास्तरांची एक सवय होती. नवी चाल शिकवली की ती कुणाची, ते ते सांगत, आणि आमच्याकडून ते नाव वदवून घेत. मला सुरुवातीला हे जरा जास्तच वाटलं. टॅप म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येई तो 'सिंगिंग इन द रेन'मधला, भर पावसात छत्री घेऊन नाचणारा जीन केली. १९५२ चा चित्रपट. मी तो कॉलेजात असताना पाहिला होता. टॅप म्हणजे हॉलिवूडची गंमत, एवढीच माझी समजूत. मास्तरांनी केलीला कधी कमी लेखलं नाही. पण ते म्हणत, तो या गोष्टीचा बराच पुढचा अध्याय आहे.

आधीचे अध्याय असे. १७३९ साली साउथ कॅरोलिनात, स्टोनो नदीपाशी, गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत ते निघाले आणि वाटेत आणखी माणसं येऊन मिळाली. उठाव मोडून काढला गेला आणि पुढच्याच वर्षी, १७४० साली, तिथे कायदा झाला. त्यात गुलामांना ढोल-कर्णे वाजवायला आणि बाळगायला बंदी घातली. ढोलाचा आवाज दूरवर निरोप पोचवतो, याची मळेवाल्यांना भीती होती. पण मांडी, छाती आणि पाय कसे जप्त करणार? हातांनी अंगावर ताल धरायचा आणि पायांनी फळ्यांवर, असा 'जुबा' नावाचा प्रकार गुलामांच्या वस्त्यांत चालत राहिला. एका कायद्यामुळेच टॅप जन्मलं असं म्हणणं बाळबोध होईल. त्यात कितीतरी धागे आहेत. त्यातला मोठा धागा आयर्लंडचा. तिथून आलेले गरीब लोक आपला जिग नाच आणि लाकडी तळांचे बूट घेऊन आले. न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह पॉइंट्स' या बकाल वस्तीत आयरिश आणि कृष्णवर्णीय शेजारी शेजारी राहत, तळघरांतल्या गुत्त्यांत एकमेकांचे नाच बघत, पैजा लावत आणि चोरत. विल्यम हेन्री लेन, ज्याला 'मास्टर जुबा' म्हणत, तो याच वस्तीतून पुढे आला. १८४२ साली चार्ल्स डिकन्स तिथे गेला होता. तळघरात पाहिलेल्या एका नर्तकाचं वर्णन त्यानं 'अमेरिकन नोट्स'मध्ये केलं आहे, आणि तो नर्तक हाच, असं जाणकार मानतात.

एका रविवारी मी लेकीला म्हटलं, मला तिथे जायचंय. गाडीनं न्यूयॉर्कला गेलो. फाइव्ह पॉइंट्स आता नाही. त्या जागेच्या आसपास कोर्टकचेऱ्या आहेत, चायनाटाउन आहे आणि कोलंबस पार्क नावाची बाग आहे. बागेत म्हातारे चिनी पुरुष दगडी टेबलांशी पत्ते आणि त्यांचं बुद्धिबळ खेळत बसले होते. चारजण वाद्यं घेऊन काहीतरी वाजवत होते. लेक म्हणाली, आई, इथे बघायला काहीच नाही. खरंच नव्हतं. मी उगाच फरशीवर एक शफल करून पाहिला. साध्या बुटांतून काय वाजणार!

मास्तरांच्या यादीत पुढे बिल रॉबिन्सन होते. लाकडी तळाचे बूट घालून चवड्यांवर हलकं नाचायचे. जिना चढत-उतरत नाचणं ही त्यांची खासियत. १९३५ च्या 'द लिटल कर्नल'मध्ये छोट्या शर्ली टेंपलचा हात धरून ते जिन्यावर नाचले, तेव्हा गोरी मुलगी आणि कृष्णवर्णीय माणूस पडद्यावर जोडीनं नाचताहेत हीच मोठी बातमी होती. पण भूमिका होती घरच्या नोकराची. त्यांचा वाढदिवस, २५ मे, १९८९ सालापासून अमेरिकेत टॅपचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळतात. मग जॉन बबल्स. टाचा खाली टाकून खर्जाचे बोल त्यांनीच आणले. मघाशी तुम्हाला टाचेचा आवाज ऐकवला, ती त्यांची देणगी. आणि निकोलस बंधू. 'स्टॉर्मी वेदर', १९४३. जिन्यावरून एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारत, पाय फाकून खाली पडतात आणि हात न टेकता उठतात. इतर अनेक चित्रपटांत या भावांचा नाच कथेपासून सुटा ठेवत. का, तर दक्षिणेतल्या चित्रपटगृहांना तो कापून टाकता यावा! मास्तर हे सांगताना आवाज चढवत नसत. नाव सांगायचे, ते आमच्याकडून म्हणवून घ्यायचे आणि पुढची चाल घ्यायचे. मी मात्र एकदा घरी येऊन विचार करत बसले की, मी नऊ वर्षं तत्कार केला, तो आमच्यापर्यंत ज्या बायकांच्या पायांतून आला, त्यांच्यातल्या कितीजणींची नावं मला कुणी म्हणायला लावली? आजी ज्यांना नाकं मुरडायची, त्याच त्या.

जानेवारीत माझा गुडघा कुरकुरू लागला. मी मास्तरांना म्हटलं, आता वय झालं, पाय साथ देत नाहीत. त्यांनी पेग लेग बेट्स यांची गोष्ट सांगितली. साउथ कॅरोलिनातला गरीब मुलगा, बाराव्या वर्षी कापसाच्या जिनिंगमध्ये काम करताना डावा पाय गमावला. घरच्यांनी लाकडी पाय करून दिला, आणि त्या लाकडी पायावर हा मुलगा टॅप नाचायला लागला. पुढे एड सलिव्हन यांच्या टीव्ही कार्यक्रमात ते वीसहून अधिक वेळा झळकले. गोष्ट सांगून झाल्यावर मास्तर म्हणाले, पण तू गुडघ्याला बर्फ लाव आणि दोन आठवडे बसून ऐक. बेट्स यांची गोष्ट ऐकून माणसं उगाच शूर होतात.

ते दोन आठवडे भिंतीशी खुर्ची टाकून मी फक्त ऐकलं. माझ्या मते त्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त शिकले ते तेव्हा. डोळे मिटले की कुणाचा पाय कुठला, ते ओळखू येऊ लागलं.

मार्चमध्ये सत्र संपताना छोटासा कार्यक्रम झाला. प्रेक्षक म्हणजे आमच्याच घरची माणसं. शेवटी 'शिम शॅम' होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लेनर्ड रीड आणि विली ब्रायंट यांनी बसवलेला हा बत्तीस बारांचा तुकडा टॅपवाल्यांचं राष्ट्रगीतच समजतात. कार्यक्रमाच्या शेवटी थोर असो की नवखा, सगळ्यांनी रंगमंचावर येऊन तो एकत्र करायचा. त्यात एक 'ब्रेक' येतो. सगळे पाय थांबतात आणि क्षणभर शांतता. त्या शांततेत एकच आवाज झाला. टक. तो माझा होता.

लेक पहिल्या रांगेत, बाळ तिच्या खांद्यावर. कानशिलं तापली. आणि पुढच्या फेरीत तीच शांतता आली तेव्हा, रांगेच्या दुसऱ्या टोकाहून, मास्तरांच्या बुटाचा आवाज आला. टक. त्यांनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही.

पुण्याला परत येताना बूट सामानात होते. आता घरी अडचण ही की आपल्या फ्लॅटमध्ये स्लॅबवर फरशी. काँक्रीटवर टॅप करू नये. हादरा परत येतो आणि नडग्या, गुडघे धरतात. टॅपला लवचीक लाकडी जमीन लागते. सुतारानं पाऊण इंच जाडीच्या प्लायवूडचा चार फूट लांब-रुंद तुकडा कापून दिला. त्याखाली जुनी सतरंजी आणि फोमची गादी. झाला माझा रंगमंच. कुणाला शिकायची हौस असेल तर एवढंच सांगेन, बूट घ्यायची घाई करू नका. कडक तळाच्या साध्या बुटावर शफल-फ्लॅप खुशाल शिका. आणि बूट घेतलेत तर स्क्रू दर आठवड्याला तपासा. वर आलेला स्क्रू घरमालकाची लाकडी जमीन उभी चिरतो.

२०२० साली टाळेबंदीत मास्तरांचे वर्ग संगणकावर सुरू झाले. त्यांची मंगळवारची संध्याकाळचे सात म्हणजे आमची बुधवारची पहाट, साडेचार! त्या वेळी पत्रे वाजवले असते तर खालच्या काकांनी पोलीसच बोलावले असते. म्हणून मी मोजे घालून नाचायचे. शिवाय आवाज एकमेकांपर्यंत उशिरा पोचतो, त्यामुळे सगळ्यांचे माइक बंद ठेवावे लागत. आणि एकेकट्याचा चालू केला तरी गंमत अशी की, आमचे पाय म्हणजे मागचा गोंगाट आहे असं ठरवून ते यंत्र नेमका टॅपचाच आवाज पुसून टाकायचं! मास्तरांना एखाद्याचे ओठ हलताना दिसत, बोलणं ऐकू येई, आणि पाय मुके. त्यांना ते कसं बंद करायचं ते शिकायला महिना लागला. तोवर ते आमच्याकडून तुकडे तोंडानं म्हणवून घेत. पहाटेच्या अंधारात, घरचे उठू नयेत म्हणून हलक्या आवाजात मी पढत असे, आणि मधूनच दु-बा-दी-दॅपच्या जागी तिरकिट जाई.

खालच्या काकांशी नंतर रीतसर तह झाला. ते एकदा वर आले आणि अडकित्त्यानं एवढी सुपारी कोण कातरतंय, असं विचारून गेले. बूट दाखवले, नाचूनही दाखवलं. त्यांचा चेहरा काही खुलला नाही. पण अकरा ते साडेअकरा चालेल म्हणाले, गुरुवार सोडून. गुरुवारी त्यांची पोथी असते. तह दोन्ही बाजूंनी आजवर पाळला गेला आहे.

सध्या मी 'पुलबॅक'वर अडले आहे. दोन्ही पायांनी मागे उडी घ्यायची आणि हवेत जाता जाता चवडे जमिनीला चाटून न्यायचे. माझी उडी होते, चाटणं होत नाही. किंवा चाटणं होतं आणि मग उडी राहते. डाव्या पायाचा 'फ' अजूनही मधूनच गिळला जातो. मास्तरांनी आता शिकवणं थांबवलं आहे, पण फोनवर ऐकतात. फोन फळीजवळ ठेवायचा आणि वाजवायचं. बोलत काहीच नाहीत, चुकलं की पलीकडून त्यांच्या पेल्यावर चमचा वाजतो.

आज बुधवार. इथून घरी पोचेपर्यंत साडेअकरा होऊन जातील, म्हणजे आजचा सराव बुडाला. पण जाऊन स्क्रूड्रायव्हर शोधायला हवा. मघाशी तुम्हाला टाचेचा आवाज ऐकवला ना, त्यात जरा खुळखुळ होती. उजव्या टाचेचा एक स्क्रू सैल झाला आहे.